जोडीचं बटण

शिंपिणीला गोष्टी लिहायचं वेड लागलं ते पोरगा गेल्यावर. दिवसभर मशीन, संध्याकाळी वही. त्या गोष्टी वाचायच्या वाचनालयातल्या बाई, आणि त्या बाईंना खोटं कौतुक कधी जमलं नाही.

"गोष्ट वकिलाची असो की नवरीची, कुणाच्या तरी शर्टाचं बटण तुटलेलं असतंच," एकदा त्या म्हणाल्या. "ते बटण कुणाचं, तेवढं लिहा. बाकी सगळं अस्तर आहे."

शिंपीण "बघू" म्हणाली आणि आठवडाभर तिकडे फिरकली नाही. लिहायचं म्हणजे नवऱ्याला कळणार. तो वायरमन, पोरगा गेला त्या दिवशी पहाटेच कामावर निघालेला. पोरगा उशिरा उठला, धावत सुटला आणि गाडीखाली आला, एवढंच तिनं त्याला सहा वर्षं सांगितलं होतं.

शेवटी एका बैठकीत दहा पानं लिहिली. पोरगा वेळेवर उठला होता. शर्टाचं वरचं बटण तेवढं नव्हतं. घरात डबाभर बटणं, कुठलंही चाललं असतं. पण शिंपिणीच्या पोराला वेगळं बटण? लोक हसतील. "जोडीचंच लावीन. आधी शोध," ती म्हणाली. पोरगा पाव तास खाटेखाली, कपाटामागे शोधत राहिला. मग शाळा चुकेल म्हणून पळाला.

रविवारी दुपारी तिनं वही नवऱ्यापुढे ठेवली. "वाचा. मग काय बोलायचं ते बोला."

त्याचं वाचन सावकाश. हा आता आपलं तोंड पाहणार नाही, असंच ती धरून चालली होती.

वाचून तो उठला. हत्यारांच्या पिशवीतून एक लहानशी डबी आणली आणि तिच्यातलं निळं बटण वहीवर ठेवलं.

"आदल्या दिवशी जिन्यात सापडलं होतं," तो म्हणाला. "खिशात टाकलं आणि तुला द्यायचं विसरलो. दवाखान्यातून आल्यावर हाताला लागलं. त्याची आठवण म्हणून ठेवलं गं. तो हेच शोधत होता, हे मला कुठं माहीत?"

तिनं बटण उचललं. भोकांत अजून तिच्याच हातचा दोरा होता.

"हेही लिही," तो म्हणाला.

त्यानं पेन पुढे केलं. तिला ते धरवेना.