चष्मा पर्समध्येच होता

धाकटीच्या मनात ताईविषयीचा मत्सर लहानपणापासून ठाण मांडून बसला होता. आईची सगळी उठबस करायची ही, आणि कौतुक मात्र वर्षातून चार दिवस उगवणाऱ्या ताईचं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकांवर चष्मे बसवून ती घरी यायची, तर आई सांगायची, ताईचा फोन होता, किती गोड बोलते.

आईचं हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं. भूल पुरती उतरेपर्यंत पेशंट माणसं ओळखत नाहीत, काहीबाही बोलतात, मनावर घेऊ नका, असं नर्सने बजावलं होतं. पण मनावर न घेणं धाकटीला कधी जमलंय?

आईने डोळे किलकिले केले. आपण गाडीत आहोत आणि कुणीतरी आपलं सामान उतरवलंय, असं तिचं चाललं होतं. मग धाकटीचा हात चाचपत तिने विचारलं, "ताई, आलीस?"

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. आईचा चष्मा तिच्याच पर्समध्ये होता. काढून डोळ्यांवर चढवला असता तर प्रश्न मिटला असता. पण ताई असणं म्हणजे काय असतं, ते एकदा तरी बघावं म्हणून ती म्हणाली, "हो आई, ताईच."

आईने तिचा हात गालाशी धरला. दमली असशील, जेवलीस का, किती वाळलीस, असं विचारत राहिली. धाकटीला ते गोड लागलं आणि झोंबलंही, कारण त्यातलं काहीच तिच्यासाठी नव्हतं.

तेवढ्यात खरी ताई बॅगेसकट आत आली. आईने त्या अंधुक आकृतीकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. "चिमे, कुठे कडमडली होतीस? कवळी कुठे ठेवलीस माझी?"

चिमी म्हणजे धाकटी. ताई गोंधळली. लबाडी उघडी पडू नये म्हणून धाकटीने तिला गप्प राहायला खुणावलं. घे, ऐक आता माझ्या वाटची बोलणी, असं तिला वाटलं आणि हसूही आलं.

आईने ताईला जवळ ओढलं. कुजबुजायचं म्हणून कुजबुजली, पण पलीकडच्या खाटेपर्यंत ऐकू गेलं.

"ताईशी जपून बोलावं लागतं गं, पाहुणी ती. तू होतीस म्हणून मी ऑपरेशनला तयार झाले. तू थांब इथे. तिला जाऊ दे."

जन्मभर वाट पाहिलेले शब्द, आणि ते ताईचा हात धरून. हे माझं आहे म्हणायला धाकटीला तोंडच उरलं नव्हतं. तिने रागाने ताईकडे पाहिलं, तर ताईचे डोळे भरलेले. त्या नजरेतला मत्सर धाकटीने लगेच ओळखला. तिची त्याच्याशी रोजची गाठ होती.

"मला कधी ओरडलीसुद्धा नाही ती," ताई पुटपुटली.

धाकटीने पर्समधून चष्मा काढला, काचा पुसल्या आणि दुकानातल्या सवयीने आईच्या नाकावर अलगद बसवला. आईने दोघींना नीट निरखलं. ताईला बघून तिचा चेहरा फुलला. कधी आलीस, दमली असशील, म्हणाली. मग धाकटीकडे वळली.

"आणि तू? चष्मा कुठे घेऊन बसली होतीस इतका वेळ?"

"पर्समध्ये," धाकटी म्हणाली आणि खुर्ची ओढून आईच्या उशाशी बसली. ताई बॅग हातात धरून तशीच उभी राहिली, पाहुणीसारखी.