मी फक्त ‘ठीक’ म्हणतो

मित्रांनो, मला तुम्ही कधी पाहिलं नसेल. मी एक जुना हेल्थ चेक आहे, म्हणजे वेब सर्व्हिसला ‘बाई गं, बरी आहेस ना?’ असं विचारायचा छोटासा पत्ता. दर मिनिटाला एक यंत्र तो ठोठावतं आणि मी उत्तर देतो.

बारामतीच्या एका लहानशा कंपनीत मोहितनं मला लिहिलं. आमची सर्व्हिस पॉलिहाऊसमधलं तापमान शेतकऱ्याच्या फोनवर दाखवते आणि उष्मा वाढला की पाण्याचे फवारे सुरू करते. मोहितनं मला सगळीकडं डोकावायला शिकवलं होतं. डेटाबेस जागा आहे का, तापमानाचा शेवटचा आकडा कधी आला, सगळं बघून मी खरं तेच सांगायचो. पण कुठं वीज गेली, आकडा उशिरा आला, की मी ‘बिघाड’ म्हणायचो. मग सर्व्हिस आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायची आणि ऑफिसातले सगळे फोन वाजायचे. खरं बोललं की सख्ख्या आईलाही राग येतो, म्हणतात ना! मालकीण मंदाकिनीताई वैतागल्या.

"मोहित, ह्याचं बोंबलणं आधी बंद कर!"

मोहितनं माझं डोकावणंच बंद केलं. उरला एकच शब्द, ‘ठीक’. त्यानंतर माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू!

कळंबच्या निकिताताईंनी आमच्यावर विसंबून ढोबळी मिरचीची रोपं तयार करायला घेतली होती. सासरे महिपती आबांनी आधीच बजावलं होतं, "एक हंगाम बघू. न्हाय जमलं तर पॉलिहाऊस मोडून ऊस लावायचा." एप्रिलात ताई सासूबाईंचे डोळे डॉक्टरांना दाखवायला बारामतीला आल्या. दुपारी त्यांनी मोहितला फोन केला.

"दादा, आकडा सकाळपास्नं एकोणतीसवरच हाय. हितं बारामतीत तर अंग भाजतंय. जरा बघा की."

मोहितनं मला विचारलं. मला कुठं काय दिसत होतं? मी म्हणालो, ठीक.

"ताई, सर्व्हिस ठीक आहे. काळजी करू नका."

ताई निवांत झाल्या. संध्याकाळी घरी पोचल्या, तर ट्रेमधली सगळी रोपं माना टाकून पडलेली. आकडे घेणारा भाग सकाळीच बंद पडला होता. फवारे उडालेच नव्हते.

बैल गेला अन् झोपा केला, तसं मोहितनं मला पुन्हा बघायला शिकवलं. मी खरं बोलू लागलो, फोन वाजू लागले, आणि आठवड्याभरात पुन्हा माझ्या तोंडाला कुलूप लागलं. कळंबला आता ऊस उभा आहे.

मोहितनं माफी मागायला फोन केला होता, आणि आपण फक्त मला विचारून ‘ठीक’ म्हटल्याचं कबूल केलं होतं. ताई ओरडल्या नाहीत.

"मी तुमाला बघा म्हणलं हुतं, दादा. तुमी त्येला इचारलंत."

मित्रांनो, माझं आता काही सुधारायचं नाही. ‘ठीक’ म्हणणारे माझ्यासारखे पैशाला पासरी मिळतात. पण कुणी ‘जरा बघा की’ म्हणालं, तर कृपा करून मला विचारू नका. उठा आणि स्वतः बघा.