मानेवरचे केस

"ती पाकिटं उद्या दवाखान्यात गेली, तर मी तुला भाऊ म्हणणार नाही!" ताई दुकानाच्या दारातूनच कडाडली. खुर्चीतलं गिऱ्हाईक गालावरचा साबण तसाच ठेवून उठलं आणि निघून गेलं. त्या आठवड्यातलं ते एकुलतं एक गिऱ्हाईक होतं.

माझी ही थोरली बहीण तळ्यातले मासे विकते. जिभेला हाड नाही. पण या वेळी सगळं गाव तिच्या मागे उभं होतं. डोंगरावरची सोन्याची खाण बंद पडून वीस वर्षं झाली, तरी तिथला पारा अजून ओढ्याने तळ्यात उतरतो, तळ्यातून माशांत आणि माशांतून आमच्या अंगात. केसांत तो सापडतो म्हणे. म्हणून नर्सबाईंनी मला तीस जणांचे मानेवरचे केस मुळाशी कापून पाकिटांत भरायला सांगितले होते. लोकांनी हौसेने दिलेही. पहिलं पाकीट माझ्या लेकीचं. तिला तिसरा महिना होता आणि रिपोर्ट येईपर्यंत तिने मासे सोडले होते. मग ही बातमी पसरून अख्ख्या गावाचे मासे खपेनासे झाले आणि गाव फिरलं. सोनं मालकांनी नेलं, पारा आम्हाला ठेवला, आणि राग कोणावर, तर न्हाव्यावर!

"माझ्या पोटावर पाय देतोस?" ताई म्हणाली. "त्यात दुसरे केस भर."

"बाबांचे हात विसरलीस? पेला तोंडाला लागत नव्हता."

"बाबा म्हातारे झाले होते."

"पंचेचाळिशीत?"

ती तरातरा निघून गेली. संध्याकाळी दुकानाच्या काचेवर दगड आला.

मी भित्रा माणूस आहे, उगाच सोंग कशाला आणू? महामार्गावरच्या ट्रकतळावर गेलो, लांबून आलेल्या ड्रायव्हर लोकांचे केस कापले आणि तीसही पाकिटं बदलली. जुने केस जाळून टाकले. "मास्तर, तुम्ही होतात म्हणून झालं हे," पाकिटं घेताना नर्सबाई म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रिपोर्ट चांगला आला. येणारच होता. ज्यांनी तोंड फिरवलं होतं, तेच हजामतीला नंबर लावून बसले. मी मात्र पित्ताचं निमित्त सांगून मासे बंद केले. लेकीला काही सांगितलं नाही. ती अजून खात नसेल असं धरून चाललो, कारण तसं धरणं सोयीचं होतं.

जावई बाहेरगावी नोकरीला, म्हणून ती माझ्याकडेच राहते. एका दुपारी मी अवेळी घरी आलो, तर ताई तिला वाढत होती. "खा गं, दोन जिवांची आहेस." ताटात तळलेला मासा होता.

मी ताट ओढून घेतलं.

"बाबा, काय करताय? रिपोर्ट आलाय ना!"

"तू गप्प बस," ताई मला म्हणाली.

"ते तुझे केस नव्हते," मी लेकीला म्हणालो. "कोणाचेच नव्हते. मी बदलले."

"आणि माझे?"

"जाळले."

ती ताईकडे वळली. "आत्या, तुला माहीत होतं?"

"अगं, आम्ही जन्मभर खातोय..." ताई पुटपुटली.

"रिपोर्टला किती दिवस झाले?" लेकीने मला विचारलं.

"चाळीस."

"रोज खाल्लाय मी. आत्या रोज आणायची."

ती उठली, मागच्या नळावर गेली आणि चूळ भरू लागली. एक झाली, दुसरी झाली, ती थांबेचना. चाळीस दिवसांचं खाणं चूळ भरून जात नाही, हे तिला कळत होतं. एक हात पोटावर, एक हात नळाखाली.

मी टॉवेल घेऊन तिच्या मागे उभा राहिलो. तिने बाहीला तोंड पुसलं आणि माझ्या शेजारून आत निघून गेली.