रिकुबेत्सुचे रिकामे नळ

आमच्या बर्फाळ रिकुबेत्सु गावात घराला कुलूप लावायला विसरलात तर कुणी काही म्हणत नाही. पण हिवाळ्यात दोन-चार दिवस बाहेर जाताना नळांतलं पाणी उतरवायला विसरलात, तर गाव वर्षभर तोंडसुख घेतं. ओट्याखालचा खटका आडवा करायचा, सगळे नळ उघडे टाकायचे, की पाणी जमिनीत उतरून जातं. पाच मिनिटांचं काम. नाही केलं तर उणे अठ्ठावीसात पाणी गोठून नळी तडकलीच म्हणून समजा.

त्या सकाळी आमच्या ह्यांनी, योशिनोबूंनी, त्याला दोन तास लावले. मुलगी चिनात्सु ओबिहिरो शहरातल्या दवाखान्यात नुकतीच बाळंत झालेली. तिनं आपल्या मनानं लग्न केलं म्हणून हा माणूस चार वर्षं तिच्याशी बोललेला नाही. आज कसाबसा यायला तयार झाला, तर नळ झाल्यावर किटली उपडी केली, फुलदाणी उपडी केली, माझं गरम सूपसुद्धा मोरीत ओतलं.

"आता मुळ्याच्या लोणच्याचं पिंप तेवढं राहिलंय!" मी कडाडले.

त्यांनी तेही उलथं केलं. देवाशपथ! मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाले, "फुसाए, माणसाच्या अंगातही पाणीच असतं म्हणे. तू जरा जाऊन ये."

"तीनदा जाऊन आले!"

बाहेर बसचा भोंगा वाजला. ड्रायव्हर होरिकावा दारात आला. "काका, पाणी उतरवताय होय? मग थांबतो." कुणी मेलं तरी आमची बस एवढी थांबत नाही. पाठोपाठ सातही प्रवासी बूट काढून आत आले. जो तो "एकदा खात्री करतो" म्हणत खटका फिरवू लागला. एकानं उभा केला की दुसरा आडवा करी. सातव्यानं हात लावला आणि नळ भडाभडा वाहायला लागले.

"बूट घाला सगळ्यांनी!" मी ओरडले. खटका स्वतः आडवा केला, शेवटचा थेंब गळेपर्यंत झाडू घेऊन पुढ्यात उभी राहिले, आणि मगच बसमध्ये चढले.

गाव मागे पडल्यावर हे हळूच म्हणाले, "पाणी मी पहाटेच उतरवलं होतं गं. तिच्यापुढे जाऊन बोलू काय, तेच सुचेना."

माझा राग कुठल्या कुठे गेला. पण मागच्या सीटवरच्या आजीबाईंचे कान तिखट.

"चुकलो म्हणा, सरळ!"

"छे, आधी बाळाचं कौतुक करा," पलीकडून कुणीतरी म्हणालं.

"काही बोलू नका," होरिकावा आरशातून म्हणाला, "संत्री न्या."

दोन तास अख्खी बस त्यांच्याकडून घोकून घेत होती. ह्यांनी सगळं तिकिटामागे लिहून घेतलं.

दवाखान्यात चिनात्सु बाळाला घेऊन बसली होती. शेजारच्या खुर्चीवर तिची पिशवी. तिनं बापाकडे पाहिलं. ह्यांनी तिकीट काढलं, उलटंपालटं केलं, परत खिशात घातलं.

"घरचं पाणी उतरवून आलोय," ते म्हणाले. "थेंब ठेवला नाही."

चिनात्सु आमच्याच गावची पोर. तिनं पिशवी उचलून खाली ठेवली.

"किती दिवसांसाठी, बाबा?"

"तू हाकलेपर्यंत."