बारा जीबीचा खण

डिस्कवर पाचशे जीबी छापलेलं होतं. कॉम्प्युटर मोजत होता चारशे पासष्ट. तिचे चार भाग होते: सुरुवातीला शंभर एमबीची चिंचोळी पट्टी, मग एकशे ऐंशी जीबी, मग दोनशे त्र्याहत्तर आणि शेवटी बारा. या जुन्या मांडणीत चाराहून जास्त भाग बसत नव्हते. मुलीला प्रबंधासाठी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम हवी होती, म्हणजे चौघांतल्या एकाला उठवणं आलं.

कॉम्प्युटर वडिलांच्या दुकानातला. वडील घड्याळं दुरुस्त करत. घड्याळ माइकवर ठेवायचं, टिकटिक रेकॉर्ड करायची आणि ते दिवसाला किती सेकंद पुढे-मागे जातं ते काढायचं. त्यांचा हा प्रोग्रॅम जुन्या सिस्टिमवरच चाले. नऊ वर्षांच्या त्या रेकॉर्डिंगवर त्यांचा जीव होता. रेकॉर्डिंगना धक्का लागणार नाही, असा शब्द तिने दिला होता.

दोन्ही मोठ्या भागांची नक्कल तिने बाहेरच्या डिस्कवर काढली. बाराच्या भागाला कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं, तेव्हा आत कंपनीचंच सामान असणार, असं धरून तिने डोकावलंही नाही. तो पुसला आणि जागा झाल्याचं वडिलांना सहज सांगितलं.

त्यांनी डोळ्याचं भिंग काढलं. “कुठला पुसलास?”

“शेवटचा. बारका.”

“रेकॉर्डिंग त्यातच आहेत, बाळा.”

दुकानात बारीक वस्तू बारक्या खणातच जायची. मोठ्या खणात स्क्रू टाकणाऱ्याची त्यांच्याकडे धडगत नसे. कंपनीचं सामान त्यांनी कधीच उचलून फेकलं होतं.

ते चिडले नाहीत. स्टूल ओढून शेजारी बसले, आणि हेच तिला जड गेलं. तिने कीबोर्डवरचे हात काढून घेतले. पुसली होती ती भागाची नोंद. वर काही लिहिलं नाही तोवर आतलं जागच्या जागी होतं. तिसरा भाग संपतो तिथून डिस्कच्या टोकापर्यंत, एवढीच त्याची हद्द. ते दोन आकडे तिने हाताने भरले आणि पुसलेली नोंद परत उभी राहिली. फोल्डर उघडलं: अकराशे चाळीस रेकॉर्डिंग.

त्यांची नक्कल आधी बाहेर काढून मग तिने ती तिसऱ्या भागात हलवायचं सुचवलं. वडिलांना पटेना, एवढ्या मोठ्या खणात ती सापडायची कशी? आत छोटा खण करून देते, असं तिने सांगितलं.

“आणि तुझा तो पाहुणा, ती नवी सिस्टिम? माझ्या खणात हात घालणार?”

“वाचेल फक्त. लिहू देणार नाही मी त्याला.”

“मग माझं एक रेकॉर्डिंग दोघांकडून वाचून घे. जबाब जुळला तर राहू दे त्याला.”

रेकॉर्डिंग छोट्या खणात हलवून झाल्यावर तिसऱ्या भागाच्या शेपटातून अठ्ठ्याऐंशी जीबी कापून तिने बाराला जोडले आणि त्या शंभर जीबीत नवी सिस्टिम बसवली. वडिलांनी दोन वर्षांपूर्वीचं एक मनगटी घड्याळ निवडलं.

जुन्या सिस्टिमवर, पूर्ण सेकंदच दाखवणाऱ्या वडिलांच्या प्रोग्रॅमने: दिवसाला चार सेकंद पुढे. नव्या सिस्टिमवर, तिने लिहिलेल्या प्रोग्रॅमने: दिवसाला चार पूर्णांक एक दशांश सेकंद पुढे.