सालवडची खोली

मासळी विकताना कोणी "ताजं हाय का?" विचारलं तर मी हो म्हणते. म्हणणारच. शहाणं गिऱ्हाईक विचारत बसत नाही, माशाचा कल्ला उघडून लाल आहे का ते बघतं.

माझे मालक वामन तांडेल यांनी चिंचणीच्या किनाऱ्यावरून चाळीस वर्षं होडी हाकली. फुप्फुसाचा कॅन्सर हाडांत उतरला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता इलाज नाही, दुखू नये एवढंच बघायचं. ते बघणार कोण, हे ठरवायचं होतं. आमचा मुलगा केतन बोईसरच्या कंपनीत आहे, तिथेच सालवडला खोली घेऊन राहतो. त्याने मोबाइलवर लोकांनी दिलेल्या चांदण्या मोजून तीन नावं काढली. मी म्हटलं, "चांदण्या राहू दे. मी जाऊन येते."

पहिल्या केंद्रात न कळवता, जेवणाच्या वेळी गेले. तिथल्या गोडबोल्या बाईने हॉल दाखवला, देवघर दाखवलं. मी एका म्हाताऱ्याची चादर पायाकडून उचलली. टाच पडून पडून काळी झाली होती. बाईचं बोलणं तिथे संपलं आणि माझं सुरू झालं. बाहेरच्या रिक्षावाल्यांनीही ऐकलं असेल.

दुसरी अर्चना सिस्टर, घरी येऊन बघणारी. मॉर्फिन कधी द्यायचं, त्याने पोट साफ होत नाही त्याला काय करायचं, सगळं तिने नीट सांगितलं. एकदा "हे मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारते" असंही म्हणाली. ते मला आवडलं. पण ती बोईसरच्या आसपासच जाते. म्हणजे मालकांना केतनच्या सालवडच्या खोलीत न्यायचं, आणि त्या खोलीच्या खिडकीतून दिसते कंपनीची भिंत. होडी हाकणाऱ्या तांडेलाने भिंत बघत मरायचं?

तिसरं केळव्याला, नारळाच्या वाडीत. टाचा स्वच्छ, नर्स हसऱ्या, खाटेवरून समुद्र दिसतो. मी जागेवरच हो म्हणून आले.

घरी येऊन ऐटीत सांगितलं, "खाटंवरून दर्या दिसतो. होड्या जाताना दिसतात."

त्यांनी तोंड फिरवलं. "मना नको."

"का?"

"होड्या जातील न मी खाटंवर. रोज तेच बघू?" दम लागला, थांबले. "त्यापरीस दुखलेलं बरं."

चाळीस वर्षं होडी गेल्यावर किनाऱ्यावर मागे मीच उरत होते. ते कसं असतं, हे मला कोणी शिकवायला नको होतं. टाचा तपासल्या, औषधं विचारली, आणि ज्यांना जायचं त्यांनाच विचारलं नाही. मला माझाच राग आला.

राग आला की माझे हात चालतात. केळव्याला फोन करून नाही म्हटलं. या वेळी आधी त्यांना विचारलं, मग अर्चनाला सांगितलं, उद्यापासून सालवडला ये. केतनला म्हटलं, तुझी खाट बापाला दे आणि तू खाली झोप.

सालवडला आल्यावर तिसऱ्या दिवशी दुखणं आवरलं. मालक माझ्या खांद्याला टेकून थोडी पेज प्याले. तेवढ्यात कंपनीचा भोंगा झाला आणि खाली रस्त्यावर माणसांचा हिंदी-मराठी गलका उसळला.

"कुठं चालली ही सगली?"

"घरी. कामाची पाली सुटली त्यांची."

ते जरा वेळ ऐकत राहिले. "जाऊ दे," म्हणाले. "त्यात माझं काय नाय." आणि तसेच माझ्या खांद्यावर झोपी गेले.