संबंध असल्यास उठावे

व्यवसाय शिक्षणाच्या राज्य सल्लागार परिषदेत एक रीत होती. कुठलाही विषय मताला टाकण्याआधी अध्यक्ष चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "या विषयाशी कुणाचा वैयक्तिक संबंध असल्यास त्यांनी उठावे." नातं असो वा भागीदारी, ज्याचा संबंध त्याने बाहेर जाऊन बसायचं आणि मतदान उरकलं की आत यायचं. वाक्य सवयीने म्हटलं जाई, सवयीने ऐकलं जाई. उठत कुणीच नसे. एकटे कारखानदारांचे प्रतिनिधी अधूनमधून उठत, आणि त्यांचा संबंध फक्त सिगारेटशी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

छोटी या परिषदेवर आली ती रुग्णसेविकांचं प्रशिक्षण केंद्र चालवते म्हणून. टेबलाभोवती सगळे तिला मॅडम म्हणत. छोटी म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, तिची ताई.

ताई सरकारी प्रशिक्षण संस्थेत काचकाम शिकवायची. बांगड्या-झुंबरांचं नव्हे, प्रयोगशाळेत लागणाऱ्या नळ्या, चंबू, वेटोळी यांचं. निळ्या ज्योतीपुढे दोन्ही हातांनी नळी धरायची आणि फिरवत राहायचं. हात थबकला की काच एका बाजूला ओघळते. नळी मऊ झाली की दुसऱ्या टोकातून फुंकर, तीही बेताची, झोपलेल्या लेकराच्या कपाळावरचे केस उडवावेत इतकी. नव्या पोरींचा हात बसावा म्हणून ताईने दोन ओळी जुळवल्या होत्या. त्या गुणगुणत पोरी नळी फिरवत:

फिर गं नळी फिर, ज्योतीला भिऊ नको,
मऊ झालीस तरी वाकडी होऊ नको.

आई गेली तेव्हा छोटी नीट बोलायलाही शिकली नव्हती. ताईने तिची वेणी घातली, ताप उतरवला, शाळेत नाव घातलं, आणि स्वतःचं लग्न इतकं लांबवलं की शेवटी ते विचारायला येणारं कुणी उरलं नाही. पुढे छोटीचं लग्न झालं, आडनाव बदललं, ती दुसऱ्या शहरात गेली. परिषदेवर तिची नेमणूक झाली तेव्हा ताईने संस्थेत कुणाला सांगितलं नाही. बहिणीच्या ओळखीवर जगते असं कुणी म्हणायला नको, एवढंच तिचं म्हणणं.

यंदा बंद करायच्या अभ्यासक्रमांमध्ये काचकाम होतं. ताईकडे तीनच पोरी उरल्या होत्या, त्याही शिक्षणाच्या अर्ध्या वाटेवर. काचकामाच्या दालनात संगणक मांडायचे, पोरींना दुसऱ्या वर्गात बसवायचं आणि ताईला भांडारात पाठवायचं, असा प्रस्ताव होता. परिषद मधोमध दुभंगली होती. छोटीचं मत पडलं तर अभ्यासक्रम तरत होता. नाहीतर समसमान होऊन निकाल अध्यक्षांच्या हाती, आणि अध्यक्षांनी त्या दालनाची मापं केव्हाच घेऊन ठेवली होती.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी छोटी ताईकडे उतरली. ताईने भात टाकला, नवऱ्याची, मुलांची चौकशी केली, छोटी वाळली म्हणून ओरडली. मूळ गोष्ट निघाली ती ताटं उचलताना. उद्या अध्यक्ष विचारतील तेव्हा उठू नकोस, असं ताई म्हणाली. आडनावं वेगळी, तोंडवळा वेगळा, कुणाला कळणार आहे. छोटी म्हणाली, ते खोटं होईल. ताईने ताट विसळता विसळता उत्तर दिलं, की कुणी आपणहून ओळख काढली नाही तर आपण कशाला दवंडी पिटायची. मग नळ बंद करून ती हळू आवाजात म्हणाली, "मी तुझ्याकडे आजवर काही मागितलंय?"

मागितलं नव्हतं, कधीच. छोटी म्हणाली, "बघते."

या घरात 'बघते' म्हणजे काय हे दोघींनाही माहीत होतं. लहानपणी छोटीने जत्रेला नेण्याचा हट्ट धरला की ताईच हा शब्द वापरायची, आणि शेवटी नेऊन आणायची. ताईने ओट्यावर फडकं फिरवलं आणि छोटीच्या उशीला नवा अभ्रा चढवला.

दुसऱ्या दिवशी सभागृहात ताईला बाजू मांडायला बोलावलं. इस्त्रीची साडी, हातात फडक्यात गुंडाळलेलं काचेचं वेटोळं. पोरींपैकी एकीने केलेलं होतं ते. ताईने फडकं सोडलं आणि वेटोळं टेबलावर ठेवलं. खिडकीचा उजेड त्यात शिरून गरगर फिरून बाहेर पडला. सदस्य बघत राहिले. कारखानदार म्हणाले, "बाई, आमच्या वकिलाची सही अशीच असते." लोक हसले, ताईही हसली. अध्यक्षांनी विचारलं, हे यंत्रावर होत नाही का. होतं, ताई म्हणाली, पण मोडलेलं जोडायला हातच लागतो. ती बोलली चांगलं. छोटीला वाटलं, जमेल. मान खाली घालून बसायचं, हात वर करायचा, बस.

मग अध्यक्षांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ते वाक्य म्हटलं.

छोटीने दोन्ही तळवे टेबलाच्या कडेवर टेकले. तिने अजून काही ठरवलं नव्हतं. नुसते तळवे टेकले होते आणि खुर्ची किंचित मागे सरकली होती. पण ताईने ते पाहिलं. या पोरीचं उठणं-बसणं तिने आयुष्यभर पाहिलं होतं. तिची घाई झाली. कुणी विचारलं नसताना ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "साहेब, माझं इथे कुणी नाही."

अध्यक्षांनी मान डोलावली. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. एका बाईने खाली मान घालून सांगितलेली साधी गोष्ट.

छोटीला बसवण्यासाठी म्हटलेलं ते वाक्य होतं, आणि त्याच वाक्याने तिला बसवेना. गप्प राहणं तिला जमलं असतं कदाचित. पण आता गप्प राहणं म्हणजे त्या वाक्याला होकार देणं होतं. वेणी घालणारे हात, कपाळावरची पट्टी, शाळेच्या फाटकापाशी उभी राहणारी ती सावली, यातलं काही नव्हतंच म्हणून मान हलवणं होतं. ती उठली. तिला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "ही माझी सख्खी मोठी बहीण आहे. मला हिनेच वाढवलंय."

ताईने डोळे मिटले.

मतदानाआधी बाजू मांडणाऱ्यालाही बाहेर पाठवत. ताईने टेबलावरचं वेटोळं उचललं आणि दोघी बाहेर आल्या. लांब ओसरीवजा जागा, भिंतीलगत एक बाक. छोटी बाकावर बसली, ताई खिडकीपाशी उभी राहिली. आतून खुर्च्यांचे आवाज येत होते. शिपायाने दोघींना पाणी आणून दिलं.

"एवढं गिळता आलं नाही तुला?" ताई म्हणाली. ओरडून नाही, थकून.

"तू म्हणालीस कुणी नाही. ते मला ऐकवेना ताई."

"मला म्हणवलं, आणि तुला ऐकवेना." ताईने वेटोळं पुन्हा फडक्यात गुंडाळायला घेतलं. "त्या तीन पोरींसाठी म्हटलं होतं गं मी. माझं काय, मी भांडारातही बसेन."

छोटीला एवढंच कळत होतं, की ताईने काल तिच्याजवळ आयुष्यात एकदाच काही मागितलं, आणि तिने ते ताईलाच आपली म्हणण्यासाठी मोडलं. जवळ जाऊन ताईचा हात धरावा असं तिला वाटलं. पण ते हात कामात होते. फडक्याच्या घडीवर घडी घालत होते.

सचिव बाहेर आले. समसमान झालं, अध्यक्षांनी निकाल दिला, अभ्यासक्रम या सत्रापासून बंद. ते घाईघाईने म्हणाले, की मॅडमचं वागणं अगदी नियमाला धरून होतं, सगळ्यांनी कौतुक केलं. मग ताईकडे वळून जरा खालच्या आवाजात म्हणाले, की बाईंनी मात्र परिषदेपुढे असं बोलायला नको होतं, संस्थेकडे तसं कळवावं लागेल. ताई म्हणाली, "कळवा." आणि जिना उतरायला लागली. छोटी आत गेली, कारण पुढचा विषय होता.

नंतर छोटीने दोन-तीनदा फोन केला. ताई बोलली, बरी आहे म्हणाली, मुलांना आशीर्वाद सांग म्हणाली. रागाचा एक शब्द नाही. रागावली असती तर छोटीला रडता आलं असतं. पोरींचं विचारलं तर तिघींपैकी एकच नव्या वर्गात गेली, असं ताईने सांगितलं. बाकी दोघींना घरच्यांनी घरीच ठेवलं.

हिवाळ्यात छोटी न कळवता गेली. रविवार होता. ताईने दार उघडलं. भांडारातल्या धुळीने तिला खोकला धरला होता आणि बोटांवरचे भाजल्याचे जुने डाग फिकट झाले होते. तिने छोटीला आत घेतलं, हसली, प्रवास कसा झाला विचारलं. छोटी नेहमीसारखी ओट्याकडे वळणार, तोच ताईने कोपऱ्यातली खुर्ची पुढे ओढली आणि पदराने पुसली. पाहुण्यांसाठी असलेली खुर्ची. या घरात छोटी आजवर तिच्यावर कधी बसली नव्हती. ती ओट्याशी उकिडवी बसायची, नाहीतर ताईच्या पायाशी.

"बस ना," ताई म्हणाली. "चहा घेशील?"

आजवर ताईने तिला चहा घेशील का असं कधी विचारलं नव्हतं. नुसता समोर ठेवायची.

"घेईन," छोटी म्हणाली, आणि खुर्चीवर बसली.